बारामती-इंदापूरच्या बायका गाड्यावर का खातात? थोडा इतिहास, थोडा हिशोब

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, शेवटपर्यंत वाचा आणि मग काय बोलायचं ते बोला.

मागच्या आठवड्यात आमच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो फिरत होता. संध्याकाळची वेळ, चायनीजचा गाडा, आणि समोर प्लेट हातात धरून उभ्या चार-पाच बायका. खांद्याला पर्स, एकीच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. फोटोखाली कुणीतरी लिहिलं होतं, "आज घरी गॅस पेटणार का?" त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. एकानं तर लिहिलं, "आमच्या आया अशा नव्हत्या."

मी उत्तर टाइप करायला घेतलं आणि पुसलं. म्हटलं, आधी जाऊन बघू. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बारामतीच्या स्टँडबाहेर तासभर उभा राहिलो. एका ताईंना विचारलं. वडापाव खात होत्या, इंदापूरकडची गाडी यायची होती. त्या म्हणाल्या, "दादा, पहाटं पाचला उठते. सगळ्यांचे डबे करते, त्यातच माझा. तो दुपारी बाराला संपतो. घरी पोचायला साडेसात-आठ. गेलं की परत चपात्या. मधी आठ तास पोटात काय ढकलू?" मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि माझ्या पैशाचं खाते."

या दोन वाक्यांत सगळा विषय आहे. पहिलं वाक्य वेळेचं आणि जागेचं, दुसरं पैशाचं. बाई बाहेर काय खाते हे तिच्या हातात किती पैसे आहेत आणि ती जिथून जाते त्या रस्त्यावर काय विकायला आहे, यावर ठरतं. आपल्या दोन तालुक्यांचा दीडशे वर्षांचा इतिहास काढला तर हे स्वच्छ दिसतं. म्हणून जरा मागं जाऊ.

१८७६-७७ च्या दुष्काळापासून सुरुवात करतो, कारण आपला नीरा डावा कालवा त्याच दुष्काळातून निघाला. दुष्काळी काम म्हणून खोदाई सुरू झाली आणि १८८५ साली कालव्याला पाणी सुटलं. त्या दुष्काळात सरकारनं मजुरी किती कमी करता येईल याचा प्रयोगच केला होता. रिचर्ड टेंपल यांच्या नावानं ती मजुरी ओळखली जाते. माणशी दिवसाला पौंडभर धान्य आणि वर थोडे पैसे. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्याविरुद्ध आवाज उठवला. बाईची मजुरी पुरुषापेक्षा कमीच होती. माती तेवढीच वाहायची, पण पोट लहान धरलेलं. आपल्या भागात बाईच्या ताटाचा सरकारी हिशोब असा सुरू झाला.

त्या काळी इथं खाणं काय होतं? बाजरीची नाहीतर ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं, मटकी, तूर, कांदा, मिरची. शिवाय रानात फुकट उगवणारी तांदुळजा, पाथरी, घोळ, चिघळ. रानात खुरपायला गेलेली बाई ओच्यात भाजी घेऊनच परत यायची. बाहेरचं खाणं म्हणजे आठवडे बाजारातली शेव-रेवडी, गोडीशेव, जिलेबी, भेळेचा पुडा. तो पुडा आणायचा कारभारी. पोरांच्या हातावर पडायचा, खाली उरलेला चुरा बाईच्या वाट्याला. तिनं स्वतः दुकानापुढं उभं राहून, स्वतःच्या पैशानं काही खाल्लं, असं चित्र त्या काळात सापडत नाही.

बाहेर खाणं हा तेव्हा नुसता पैशाचा प्रश्न नव्हताच. जातीचा होता. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं घेतली म्हणून न्यायमूर्ती रानडे आणि टिळकांसारख्यांवर बहिष्काराची वेळ आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. कपभर चहासाठी एवढं रामायण पुरुषांच्या वाट्याला आलं. मग बाईनं बाहेर खायचं म्हणजे काय झालं असतं, विचार करा.

कालवा आला आणि माळावर ऊस आला. १९३० च्या दशकात शेठ वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात कळंबजवळ साखर कारखाना उभा केला आणि वालचंदनगर वसलं. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वर असे सहकारी कारखाने आले. बागायती पट्ट्याचं सोनं झालं, हे खरंच. पण पैसा कुणाच्या नावावर आला? सातबारा त्याच्या नावावर, कारखान्याचा शेअर त्याच्या नावावर, उसाचं बिल त्याच्या खात्यावर. घर श्रीमंत झालं, बाईच्या हातात मात्र बाजारहाटापुरते पैसे.

आणि रानात ऊस आल्यावर बाकीचं हळूहळू गेलं. मटकी-हुलगे बांधावर गेले, मग बांधही अरुंद झाले. पुढे तणनाशक आलं आणि तांदुळजा-पाथरी तण म्हणून मेली. जी भाजी फुकट होती ती मंडईत विकत घ्यायची वेळ आली. बाजाराच्या दिवशी मिळाली तर मिळाली, नाहीतर बटाटा.

कारखान्याचा पैसा खेळायला लागला तशी गावोगाव हॉटेलं निघाली. चहा, भजी, मिसळ, पाव. हॉटेल म्हणजे पुरुषांची चावडी. पेपर तिथं, राजकारण तिथं, उसाच्या दराची चर्चा तिथं. बाईसाठी आत एक पडदा लावलेली खोली असायची, वर पाटी, 'फॅमिली रूम'. माझी आई मला घेऊन बाजाराला यायची तेव्हाची गोष्ट सांगतो, मी सात-आठ वर्षांचा असेन. दिवसभराची भुकेली असायची. हॉटेलात गेलो की पडद्याआड मला भजी आणि पाव, तिला फक्त चहा. "तू खा, मला भूक नाही." वडील बरोबर असले तरच ती घास घ्यायची, तोही माझ्या प्लेटमधला. तिला भूक होती हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली. "आमच्या आया अशा नव्हत्या" असं लिहिणाऱ्या मित्राला एवढंच सांगायचंय: नव्हत्या, कारण त्या उपाशी परत जात होत्या.

बाईच्या हातात मोठ्या प्रमाणावर रोख मजुरी पडली ती १९७२ च्या दुष्काळात, असं मला वाटतं. सुपे, मोरगाव या जिरायत पट्ट्यातल्या, इंदापूरच्या कोरड्या गावांतल्या आजीला विचारा. खडी फोडायला, नालाबंडिंगला, तलावाच्या भरावावर बायकाच बायका. त्याआधीच बारामतीच्या जिरायत भागात शरद पवारांच्या पुढाकारानं 'कासा' या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या मदतीतून पाझर तलावांची कामं झाली होती, तिथं मजुरी म्हणून गहू आणि तेल मिळायचं. बहात्तरात मग अमेरिकेहून आलेली लाल मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी. मिलोच्या भाकरीची चव आजही म्हाताऱ्या बायका तोंड वाकडं करून सांगतात. पण त्यातूनच रोजगार हमी आली, १९७७ ला कायदा झाला, बाई आणि पुरुषाला एकाच कामाची एकच मजुरी हे तत्त्व आलं. टेंपलच्या मजुरीपासून इथं यायला शंभर वर्षं लागली.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. गहू असो, मिलो असो, सुकडी असो, आमच्या बायकांनी काय खायचं हे त्यांनी ठरवलं नाही. जे समोर आलं ते खाल्लं. आजही तेच चाललंय. फक्त समोर आता गाडा आहे.

मग दुधाचा काळ. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ ला बायफ सुरू केली, संकरित गाई आल्या. बारामतीत अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं शेतीसोबत दूधधंद्याला चालना दिली. गोठा कुणी सांभाळला? बाईनं. शेण, वैरण, धार, सगळं तिचं. डेअरीचं बिल मात्र बऱ्याच घरांत आजही त्याच्या खात्यावर. आधी घरात ताक असायचं. पाहुण्याला ताक, पोराला ताक, बाईच्या भाकरीवर ताक. दुधाला दर आला आणि सगळं दूध सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर जायला लागलं. घरात उरलं चहापुरतं.

आता हे दूध जातं कुठं ते ऐका, कारण हे फार जणांना माहीत नाही. १९९६ साली मॅकडोनाल्ड्स भारतात आलं, पहिलं दुकान दिल्लीत आणि पाठोपाठ मुंबईत. त्यांच्या बर्गरमधली चीजची चकती कुठून जायची? आपल्या बारामतीच्या डायनॅमिक्स डेअरीतून. म्हणजे देशात फास्ट फूडचा नवा जमाना सुरू झाला तेव्हा त्याच्या पोटात बारामतीचं दूध होतं. पहाटे चारला उठून धार काढणाऱ्या आपल्या बायकांचं. मुंबईतल्या कॉलेजकन्येनं तो बर्गर खाल्ला, आणि धार काढणाऱ्या बाईच्या भाकरीवरचं ताक गेलं. दोष कुणाला द्यायचा? दुधाला दर मिळाला हे चांगलंच झालं, त्यावर पोरं शिकली. मला एवढंच म्हणायचंय की हिशोब मांडताना बाईचं ताट कुणी मोजलं नाही.

वडापावची कथा तशी सगळ्यांना ठाऊक. १९६६ साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटेवडा पावात घातला असं मानलं जातं. गिरणी कामगारांचं ते जेवण, उभ्यानं, एका हातानं, पाळीला पळता पळता खाण्यासारखं. १९८२ चा संप झाला, गिरण्या बसल्या, कितीतरी कामगारांनी पोटासाठी गाडे लावले आणि कितीतरी गावाकडं परतले. त्यांच्याबरोबर वडापावही आला. स्टँडवर आला, कॉलेजच्या गेटवर आला, कारखान्याच्या चौकात आला. मागोमाग मॅगी, मग चायनीज. आता मोमो, शॉरमा, पिझ्झा. मुंबईत जे गिरणीच्या भोंग्यामुळं घडलं तेच बारामतीत एमआयडीसीच्या शिफ्टमुळं घडलं, तीस-चाळीस वर्षं उशिरा. फरक एवढाच की दादरला धावत खाणारा बहुतेक पुरुष होता, इथं त्या रांगेत बाई आहे.

कारण एमआयडीसीनं बाईला पगार दिला. बारामतीत पियाजिओ आली, टेक्स्टाइल पार्क आला, २०११ ला फेरेरो आली. पोरं ज्या किंडर जॉयसाठी दुकानात लोळण घेतात ते आपल्या बारामतीत बनतं. टेक्स्टाइल पार्कात शिवणकामावर मोठ्या संख्येनं बायका आहेत. त्यांचा पगार त्यांच्या नावाच्या खात्यावर येतो. इथं माझ्या आईच्या गोष्टीतला पडदा सरकला. बाई उघड्यावर उभी राहून, चारचौघांत, स्वतःच्या पैशानं खायला लागली. मला विचाराल तर ही लहान गोष्ट नाही. त्या फोटोवर हसणाऱ्यांना हीच खुपते, तेलाची काळजी कुणालाच नव्हती.

पण पगाराबरोबर वेळ मिळाला नाही. घरची चूल तिचीच राहिली. सकाळची पाळी, येण्याजाण्याचे दोन तास, घरी गेल्यावर स्वयंपाक. म्हणून संध्याकाळी सहाच्या सुमाराला ती सगळ्यात भुकेली असते. सहा वाजता स्टँडबाहेर काय मिळतं ते मी मोजलं. वडापाव, भजी, समोसा, पावभाजी, चायनीज, भेळ, पाणीपुरी, ऊसाचा रस, केकचं दुकान. केळीवाला एक होता. पोळीभाजी द्यायला खानावळ होती, पण थाळी शंभराच्या पुढं आणि बसून खायला अर्धा तास. वडापाव पंधरा-वीस रुपयांत आणि पाच मिनिटांत. गाडी चुकली तर पुढची तासाभरानं. तुम्ही काय निवडाल?

इंदापूरचं चित्र थोडं वेगळं आहे. १९८० ला उजनी धरण झालं, भीमाकाठची गावं आणि काळी रानं पाण्यात गेली. पुढं त्याच पाण्यात मासेमारी वाढली आणि पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवणची मच्छी नावाला आली. हायवेच्या खानावळीत जाऊन बघा. पुढं गल्ल्यावर मालक, मागं चुलीवर बाई. गिऱ्हाइकाला गरम भाकरी, ताजी मच्छी. तिचं स्वतःचं जेवण चारला, उरलेल्या रश्शात भाकरी कुस्करून. तिच्यासमोर अन्न भरपूर आहे, पण तिची मजुरी रोजाची आणि जेवणाची सुट्टी मालकाच्या मर्जीची.

आणि याच दोन तालुक्यांत दिवाळीनंतर उसाच्या फडात जी बाई येते तिला तर या हिशोबात कुणी धरतच नाही. बीडची, नगरकडची ऊसतोड मजूर. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. उचल मुकादम देतो ती नवऱ्याच्या हातात. पहाटे तीनला उठायचं, भाकरी थापायच्या, दिवस उजाडायच्या आत फडात. तळाजवळच्या टपरीत तिला परवडतं ते पाच रुपयांचं बिस्किट आणि पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट. फास्ट फूड म्हटलं की आपल्याला पिझ्झा दिसतो. या बाईचं फास्ट फूड चहात बुडवलेलं बिस्किट आहे, आणि ते तिच्या दुपारच्या जेवणाऐवजी आहे. एकाच रस्त्यावर दोन बायका. एकीकडं स्वतःचा पगार आहे म्हणून ती चायनीज खाते, दुसरीकडं स्वतःचा पैसा नाही म्हणून ती बिस्किट खाते. पोषण दोघींनाही नाही.

गेल्या तीन वर्षांत दोन गोष्टी झाल्या. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट, आणि जुलै २०२४ पासून लाडकी बहीण, महिना १५०० रुपये, बाईच्याच खात्यावर. अर्ध्या तिकिटानं गावातली बाई तालुक्याला येऊ लागली. बँकेच्या रांगेत सकाळ गेली की दुपारी स्टँडवर येते. एका मावशी हसत म्हणाल्या, "पैसं आलं की एक दिस भेळ माझ्या नावाची." बाकीचे पोराच्या फीला, औषधाला, किराण्याला. त्या एका भेळेवरून तिला कुणी नावं ठेवू नयेत.

आता देशाचे आकडे बघू. केंद्राच्या घरखर्च पाहणीत ग्रामीण घराचा धान्यावरचा खर्च १९९९-२००० ला एकूण खर्चाच्या साधारण २२ टक्के होता. २०२२-२३ ला तो ५ टक्क्यांच्या आत आला. त्याच काळात पेयं, तयार आणि प्रक्रिया केलेलं खाणं यांचा वाटा ४ टक्क्यांच्या आसपास होता तो साडेनऊच्या वर गेला. म्हणजे खेड्यातलं घर आज धान्यापेक्षा तयार खाण्यावर जास्त पैसे घालतं. गहू-तांदूळ रेशनवर मिळतो हे एक कारण आहेच. पण पैसा वाढला की माणूस आधी वेळ विकत घेतो आणि चव विकत घेतो, हे जगभर दिसतं. अमेरिकेत फास्ट फूड गरीबच खातात असा आपला समज. तिथल्या २०१३-१६ च्या सरकारी पाहणीत कुठल्याही एका दिवशी ३६.६ टक्के प्रौढ फास्ट फूड खात होते, आणि उत्पन्न वाढेल तसं प्रमाण वाढत होतं, कमी होत नव्हतं.

दुसरीकडं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१ ची. देशात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय, आधीच्या पाहणीत ५३ होतं. वजन जास्त असलेल्या बायका २०.६ वरून २४ टक्क्यांवर. म्हणजे अंगावर चरबी वाढतेय आणि रक्त कमी होतंय, दोन्ही एकदम. महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे. मैद्याचा पाव, बटाटा आणि तळण यानं भूक भागते, लोह मिळत नाही.

हे आपल्या जिल्ह्याला नवं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्यात दिसलं की ज्या बायका दूध, पालेभाजी आणि फळं वरचेवर खात होत्या त्यांची बाळं जन्मतः चांगल्या वजनाची होती. आता वर वाचलेलं आठवा. दूध डेअरीला गेलं, पालेभाजी तणनाशकानं गेली, फळं मार्केट यार्डातून बाहेरगावी गेली. इंदापूरचं डाळिंब परदेशी जातं आणि ते तोडणाऱ्या बाईच्या डब्यात बटाटा असतो. नेमक्या त्या तीन गोष्टी आपण आपल्या बाईच्या ताटातून काढल्या.

ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात 'अन्नाचं वाळवंट' असा शब्द निघाला, म्हणजे ज्या वस्तीत ताजं अन्न मिळतच नाही अशी वस्ती. आपलं वाळवंट नाही. कालव्यानं हिरवागार केलेला मुलूख आहे हा. इथं अन्न पिकतं, बनतं, गाड्या भरून बाहेर जातं. फक्त संध्याकाळी सहाला, स्टँडवर, वीस रुपयांत मिळत नाही.

मग करायचं काय? भाषण नको. सरकारनं याआधी प्रयत्न केलेत, त्यातून शिकू. १९९५ ला एक रुपयात झुणका-भाकर आली. कल्पना सोन्यासारखी होती. पुढं अनुदान थांबलं आणि त्यातल्या अनेक केंद्रांवर वडापाव नि चायनीज विकायला लागले. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी आली, १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. वेळ मात्र ठेवली दुपारची, बारा ते दोन. पाळीवरची बाई त्या वेळी कंपनीत असते. योजना चांगली, वेळ पुरुषाच्या सोयीची. कारखाने कायद्यात १९४८ सालीच २५० हून जास्त कामगार असतील तिथं कँटीनची सक्ती आली, पण कापडाच्या दुकानात, दवाखान्यात, लहान वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या बायकांना ते कलम काय कामाचं? शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी-मीठ-साखरेचं खाणं विकू नये असा नियम २०२० ला झाला. तळणाच्या तेलाचाही नियम आहे, वापरून वापरून त्यातली खराब संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की तेल टाकून द्यायचं, २०१८ पासून. आपल्या स्टँडवर ते तेल शेवटचं कधी तपासलं गेलं, हे नगरपालिकेच्या पुढच्या सभेत कुणीतरी विचारा.

माझ्या डोक्यात आहे ते साधं आहे. बारामती आणि इंदापूर दोन्ही स्टँडवर बचत गटांना दोन-दोन गाळे, भाड्यात सवलत, अट एकच: संध्याकाळी पाच ते आठ उघडं पाहिजे. भाकरी-पिठलं, थालीपीठ, उकडलेली मटकी, अंडं, ताक, केळी. गुंडाळून, हातात धरून, गाडीत खाता येईल असं. दर वडापावच्या आसपास. एमआयडीसीच्या गेटवरही तसंच. दूध संघांनी स्टँडवर ग्लासभर ताक स्वस्तात विकलं तर त्यांचं काही बिघडणार नाही, ज्या बायकांच्या गोठ्यातून ते येतं त्यांच्याच हातात परत जाईल. वडापाववाल्याचा धंदा बंद करा असं मी म्हणत नाही, त्याचंही पोट आहे, आणि वडापाव मलाही आवडतो. त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी उभं राहू दे, म्हणजे बाईला निवडता तरी येईल.

आणि एक घरातलं. ती साडेसातला येते तेव्हा आपण कुठं असतो? मीही या प्रश्नात आहे, बाहेर नाही. माझ्या बायकोची पाळी असते तेव्हा कुकर मी लावतो, एवढंच. भाकरी अजून येत नाही. शिकतोय.

त्या स्टँडवरच्या ताईंची गाडी आली तेव्हा त्यांनी उरलेला अर्धा वडापाव कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला. मी विचारलं, पोराला का? म्हणाल्या, "न्हाय, मलाच. घरी गेल्यावर सगळ्यांचं होईस्तोवर दहा वाजत्यात."

आज घरी गेल्यावर एक काम करा. घरातल्या बाईला विचारा, दुपारी काय खाल्लं आणि किती वाजता. उत्तर नीट ऐका. मग त्या फोटोवर हसायचं का ते ठरवा.